अकरा तालुके, पाऊण लाख माणसं

पहिला दिवस

लेक बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियाला, नोकरीला लागून तीन वर्षं झाली. या सप्टेंबरात, म्हणजे 2024च्या, तिच्याकडे गेलो तेव्हा तिने माझ्यासाठी यादीच करून ठेवली होती. रिलाचा मठ, प्लोव्दिवचं रोमन नाट्यगृह, काळ्या समुद्राचा किनारा. मी म्हटलं, मला विदिनला जायचंय.

"बाबा, तिकडे काय आहे?"

"माणसं नाहीत. ते बघायचंय."

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, रत्नागिरी जिल्ह्यात. 2011च्या जनगणनेत प्रगणकांकडून आलेले गठ्ठे तपासायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या गणनेत आमच्या जिल्ह्याचा आकडा आधीपेक्षा खाली आला होता. 2001मध्ये 16,96,777 होते, ते 16,15,069 झाले. ऑफिसात पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, बेरीज चुकली. चुकली नव्हती. तेव्हापासून कुठल्याही देशाच्या जनगणनेचा तक्ता समोर आला की माझी नजर आधी उणे चिन्हाकडे जाते. बल्गेरियाच्या तक्त्यात ती विदिनवर जाऊन थांबली. 2001मध्ये सुमारे 1 लाख 30 हजार, 2011मध्ये 1,01,018, 2021मध्ये 75,408. वीस वर्षांत शंभरातले बेचाळीस उणे. देशाच्या 28 प्रांतांत सगळ्यात कमी वस्तीचा प्रांत हाच. क्षेत्रफळ मात्र 3,000 चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे चौरस किलोमीटरला पंचवीस माणसंसुद्धा भरत नाहीत.

प्रांताला तिकडे ओब्लास्त म्हणतात आणि त्याच्या खालच्या पायरीला ओब्श्तिना. विदिनच्या पोटात अकरा ओब्श्तिना आहेत. डायरीच्या पहिल्या पानावर अकराही नावं लिहून काढली आणि ठरवलं, प्रत्येकीत निदान एकदा पाऊल टाकायचं. लेकीने कपाळाला हात लावला, पण चार दिवसांची रजा टाकली.

सोफियाहून सकाळची गाडी धरली. शहर सुटलं की इस्कर नदीची घळई लागते. बाल्कन पर्वताची अख्खी रांग कापून ही नदी उत्तरेला डॅन्यूबकडे जाते आणि रेल्वेही तिचंच बोट धरून जाते. लाकात्निकला चुनखडीचे कडे एवढे जवळ येतात की खिडकीतून मान वाकडी केल्याशिवाय आभाळ दिसत नाही. मला करूळ घाट आठवला, पण तिथे पाऊस असतो. मेझ्द्रा, व्रात्सा गेलं आणि पुढे सपाटी लागली. सूर्यफुलं कापून झालेली, काळपट उभे दांडे. डबा रिकामा होत चालला. ड्रेनोवेत्स स्टेशन आलं तेव्हा लेक म्हणाली, "आलो तुमच्या विदिनमध्ये. ही रुझिन्त्सी ओब्श्तिना." मी खाली उतरून फलाटाला पाय लावायला उठलो, तोवर लाल टोपीवाल्या स्टेशनमास्तरांनी गाडी सोडलीसुद्धा. डायरीत रुझिन्त्सीपुढे अर्धी खूण केली. परतताना पुरी करू, म्हटलं.

पाच-साडेपाच तासांनी विदिन आलं. लेक पुढे उतरली होती, तिथून ओरडली, "बाबा, बॅग!" फलाटावरच्या तीन म्हाताऱ्या एकदम वळल्या. एकीने तर हातातली पिशवीही बघितली. बल्गेरियन भाषेत 'बाबा' म्हणजे आजी. पुढचे चार दिवस मला चारचौघांत हाक मारायची लेकीला पंचाईत झाली. तिने 'अहो' म्हणून बघितलं, ते तिलाच विचित्र वाटलं.

संध्याकाळी बाहेर पडलो तर घरांच्या दारांवर, बसथांब्यावर, झाडांच्या बुंध्यांवर कागद चिकटवलेले. मला आधी वाटलं निवडणूक आहे. प्रत्येकावर फोटो होते, नावं होती. जवळ गेलो तर वर क्रूस, खाली दोन तारखा. नेक्रोलोग म्हणतात याला. माणूस गेला की घरचे असा कागद छापून दाराला लावतात, नेहमीच्या दुकानापाशी, स्टॉपवर लावतात. चाळीस दिवसांनी परत नवा, सहा महिन्यांनी, वर्षाने, मग दरवर्षी. आपल्याकडे पेपरात पुण्यस्मरण देतात, तसं हे भिंतीवर. एका दारावर पाच होते, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले, पावसाने भिजू नयेत म्हणून. सगळ्यात जुन्याचा फोटो उन्हाने निळा पडलेला. दाराला कुलूप होतं आणि कडी गंजलेली. म्हणजे घरात कोणी राहत नव्हतं, पण दरवर्षी कुणीतरी येऊन कागद बदलत होतं.

दुसरा दिवस

विदिनचा किल्ला डॅन्यूबच्या अगदी काठावर आहे आणि त्याचं नाव बाबा विदा. आता ही बाबा म्हणजे कोण, ते कळलं होतंच. गोष्ट अशी सांगतात की एका सरदाराला तीन मुली, विदा, कुला आणि गाम्झा. तो गेल्यावर जमिनीच्या तीन वाटण्या झाल्या. कुला आणि गाम्झा यांनी घाईने लग्नं केली, नवरे उधळे निघाले, वाटणी गेली. विदाने लग्नच केलं नाही. तिने हा किल्ला बांधला आणि म्हातारी होईपर्यंत एकटीने सांभाळला. कुलाच्या नावाचं गाव इथून पश्चिमेला आहे, आणि गाम्झाचं गाम्झिग्राद आता सर्बियात. म्हणजे एका बापाच्या जमिनीवरून आज आंतरराष्ट्रीय सरहद्द जाते. फेरफार नोंदी करण्यात हयात घातलेल्या माणसाला ही गोष्ट अजिबात दंतकथा वाटली नाही.

किल्ला खरा तर रोमनांच्या बोनोनिया गावावर उभा राहिलेला, दहाव्या शतकापासून वाढत गेलेला. चौदाव्या शतकात इव्हान स्रात्सिमीरने इथून वेगळं राज्य चालवलं, ते 1396मध्ये ऑटोमनांनी घेतलं. बल्गेरियात इतका धड उरलेला मध्ययुगीन किल्ला दुसरा नाही, असं तिथले लोक सांगतात आणि मला ते पटलं. जाडजूड भिंती, आत चौक, बाहेर खंदक. तटावरून नदी दिसते, पलीकडे रोमानिया. नदी इतकी रुंद आणि इतकी गप्प, की ती वाहते आहे हे एखादा ओंडका जाताना दिसला तरच कळतं. लेक बराच वेळ तिथे बसून होती. मी खाली जाऊन तिकीट खिडकीवरच्या बाईंना विचारलं, दिवसाला किती माणसं येतात. त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग म्हणाल्या, "तुम्ही कर खात्यातले का?"

नदीकाठचं उद्यान लांबलचक आणि खरंच सुंदर आहे. त्यात उस्मान पाझवान्तोलूची मशीद. हा अठराव्या शतकाच्या शेवटी सुलतानाविरुद्ध बंड करून विदिनचा धनी झालेला इसम. मशिदीच्या टोकावर चंद्रकोर नाही, उलट्या बदामासारखा आकार आहे. त्यावरून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी अनेक, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. शेजारी त्याचं ग्रंथालय. बंडखोराने आधी काय बांधलं तर वाचनालय, ही गोष्ट मला आवडली.

थोडं पुढे सिनेगॉग. 1894मध्ये बांधलेलं, मग छप्पर गेलेलं, कित्येक दशकं आत झाडं वाढलेली. ज्यू मंडळी 1948-49च्या सुमारास बहुतेक सगळी इस्राएलला गेली. पूर्ण देशातून पंचेचाळीस हजारांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियाने आपल्या जुन्या हद्दीतल्या ज्यूंना छळछावण्यांत पाठवलं नाही, ते वाचले, आणि वाचल्यावर गेले. आता युरोपीय पैशातून इमारत दुरुस्त झाली आहे, चित्रकार ज्यूल पास्कँच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र म्हणून 2023मध्ये उघडली. पास्कँ 1885मध्ये विदिनमध्येच जन्मला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आला. इथे नावारूपाला आलेल्या माणसांची पाटी लावायची तर बहुतेक पाट्यांवर दुसऱ्या गावाचं नाव घालावं लागेल. आमच्या चिपळूण-राजापूरचंही काही वेगळं नाही म्हणा.

दुपारी माझ्या खऱ्या आवडीचं ठिकाण, म्हणजे ब्दिन्त्सी चौकातल्या सरकारी इमारती. लेकीने बाकावर बसून कॉफी घेतली, मी पाट्या वाचत हिंडलो. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ओब्लास्तला आपण जिल्हा म्हणू, ओब्श्तिनाला तालुका म्हणू, पण ही जोडी पुरती बसत नाही. ओब्लास्तचा गव्हर्नर मंत्रिमंडळ नेमतं आणि मंत्रिमंडळ काढतं. त्याच्या हाताखाली निवडून आलेली सभा नाही, जिल्हा परिषद नाही. तो सरकारी मालमत्ता बघतो, खालच्या ठरावांची कायदेशीर तपासणी करतो. खरी ताकद खाली, ओब्श्तिनात. तिथे लोकांनी थेट निवडलेला महापौर, ज्याला क्मेत म्हणतात, चार वर्षांसाठी. निवडलेली सभा, स्वतःचं अंदाजपत्रक. म्हणजे आपल्याकडे जिल्हा तगडा आणि तालुका म्हणजे नुसती पायरी, तर इथे तालुका तगडा आणि जिल्हा म्हणजे सरकारचा टपालवाला. क्मेत गावालाही असतो. गाव फार लहान असेल तर निवडणूक नाही, ओब्श्तिनाचा क्मेत आपला एक माणूस तिथे नेमतो. त्याचं पदनाम क्मेत्स्की नामेस्त्निक. उच्चारून बघा. तीनदा जमलं तर तुम्हालाही नेमतील.

हा जिल्हाही कायम जिल्हा नव्हता. 1987मध्ये देशातले 28 विभाग मोडून नऊ मोठे प्रांत केले तेव्हा विदिनचं वेगळेपण गेलं आणि ते दक्षिणेच्या मिखाय्लोव्ग्रादच्या पोटात गेलं. त्या गावाचंही नाव पुढे बदलून मोन्ताना झालं. 1999मध्ये परत 28 झाले आणि विदिनला त्याची खुर्ची मिळाली. 1981मध्ये आमच्या रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हाची कपाटांची वाटणी मी ज्येष्ठांकडून ऐकली आहे. कुठली फाइल कुणाची यावरून दोन कारकून वर्षभर बोलत नव्हते. इथे तर एकदा दिली आणि बारा वर्षांनी परत घेतली. त्या फायली कुठे असतील या विचाराने मला खरोखर अस्वस्थ झालं.

लेक म्हणाली, "पुलावर जाऊ या?" गेलो, लांबूनच बघितला. विदिन ते कालाफात, 'नवा युरोप' नावाचा, 14 जून 2013ला खुला झालेला. बल्गेरिया आणि रोमानियामध्ये डॅन्यूबवर एवढ्या लांबीत फक्त दोन पूल, पहिला रूसेचा, 1954चा. आधी इथे फेरी होती. पुलाने गावाचं भलं होईल म्हणून सगळे थांबून होते. ट्रक येतात, ओळीने येतात, आणि बाहेरच्या रस्त्याने सोफियाकडे निघून जातात. हॉटेलवाला म्हणाला, "फेरीच्या रांगेत निदान माणसं जेवायची तरी."

तिसरा दिवस

एक टॅक्सीवाला दिवसभरासाठी ठरवला. साठीचा, मिशीवाला, आधी टायरच्या कारखान्यात होता. विदिनला विदाहिम नावाचा मोठा रासायनिक कारखाना होता, टायर आणि कृत्रिम धागा करायचा. हजारो लोक कामाला. तो बंद पडला आणि गाव रिकामं व्हायला लागलं, हे त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जायच्या आत सांगून टाकलं. त्याचा मुलगा इंग्लंडात, मुलगी स्पेनमध्ये. 1 जानेवारी 2007ला देश युरोपीय संघात गेला, "त्या दिवशी दार उघडलं आणि वारा बाहेरच्या बाजूला वाहायला लागला," असं त्याचं म्हणणं लेकीने मला मराठीत करून दिलं. वायव्येचा हा विभाग, विदिन, मोन्ताना, व्रात्सा वगैरे मिळून, वर्षानुवर्षं संघातल्या सर्वात गरीब विभागांत गणला जातो.

नदीच्या काठाने उत्तरेला नोवो सेलो. नावाचा अर्थ नवं गाव, आपलं नवगाव. द्राक्षमळे आहेत, गाम्झा जातीची काळी द्राक्षं, तीच तिसऱ्या बहिणीच्या नावाची. दहा मिनिटं थांबलो, खूण केली. पुढे ब्रेगोवो, तिमोक नदीवर, नदीपलीकडे सर्बिया. या पट्ट्यातल्या गावांत व्लाख लोक आहेत, त्यांची घरातली बोली रोमानियनच्या जवळची. इथे लेकीच्या मोबाइलने स्वतःच ठरवून सर्बियाचं नेटवर्क धरलं. सर्बिया संघाच्या बाहेर, त्यामुळे तिच्या पॅकमध्ये बसत नाही. मी नकाशे बघत होतो, तो सगळा वेळ मीटर चालू होता. बिल आलं ते मी इथे लिहीत नाही, घरी हे वाचतात.

आणि मग बोय्नित्सा. मी आलो होतो ते खरं इथे येण्यासाठी. बोय्नित्सा ही देशातल्या सगळ्यात लहान ओब्श्तिनांपैकी एक. मुख्यालयाचं गाव धरून आठ-नऊ गावं आणि सगळ्यांची मिळून लोकसंख्या हजाराच्या आसपास. आमच्याकडे एवढ्यात एक ग्रामपंचायत होते आणि ग्रामसेवकाकडे शेजारच्या गावाचाही चार्ज असतो. गावांच्या यादीत एक शिपिकोवा माहाला. माहाला म्हणजे आपला मोहल्ला, अरबी शब्द एका टोकाने इकडे गेला आणि दुसऱ्या टोकाने तिकडे. ग्रादस्कोव्स्की कोलिबीतलं कोलिबी म्हणजे खोपटी. म्हणजे यांच्यातही वाड्या आणि खोपटी आहेत, सरकारी कागदावर मात्र प्रत्येकीला स्वतंत्र गाव म्हणून नोंद.

ओब्श्तिनाची इमारत दुमजली, समोर तीन झेंडे. दारात उभ्या माणसाला लेकीने विचारलं, ऑफिस उघडं आहे का. त्याने डावी-उजवीकडे मान हलवली. मी मागे वळलो, टॅक्सीकडे चालायला लागलो. लेक हसत मागून आली. इथे तशी मान हलवली की 'हो', आणि वरखाली केली की 'नाही'. मला माहीत होतं, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण चौतीस वर्षं सरकारी ऑफिसच्या दारात मान आडवी हलवणारा माणूस बघितला की पाय आपोआप परतीला लागतात.

आत एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, दारांवर पाट्या. जन्ममृत्यू नोंदणी, कर, शेती, सामाजिक मदत. पाट्या दहा-बारा, बोळात आवाज एकाच खोलीतून, टंकलेखनाचा नाही तर रेडिओचा. तिथल्या बाईंना लेकीने सांगितलं, हे भारतातून आलेत, हेही असंच ऑफिस चालवायचे. त्यांनी मला खुर्ची दिली. जगातल्या कुठल्याही कचेरीत असतो तसा टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो, इथे मेरीचा, आणि एक नातवाचा. मी विचारलं, यंदा जन्म किती नोंदवले. त्यांनी बोटं वर केली नाहीत, फक्त कपाटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मृत्यूचं रजिस्टर दाखवू का? ते जाड आहे." आम्ही दोघंही हसलो. लेक हसली नाही.

2021ची जनगणना इथे 7 सप्टेंबरच्या मध्यरात्रीच्या स्थितीवर धरली. ज्याला जमेल त्याने आधी संगणकावरून भरायचं, उरलेल्यांकडे प्रगणक जायचा. बाई म्हणाल्या, उरलेले म्हणजे जवळजवळ सगळेच. त्या स्वतः चार गावं फिरल्या होत्या. "एका गावात मी दुपारी बाराला गेले आणि सव्वाला संपलं." मी त्यांना विचारलं, कुलूपबंद घराला तुमच्यात काय लिहितात? आम्ही घरयादीत लिहायचो, बंद. त्या म्हणाल्या, "आम्हीही तेच." दोन माणसांमध्ये एवढी समजूत व्हायला दुभाषी लागला, पण फार नाही.

बाहेर पडलो तर कोपऱ्यावरच्या अंगणातून तो वास आला. भाजलेल्या मिरचीचा. सप्टेंबर म्हणजे इथे हिवाळ्याची बेगमी. एक आजी स्टुलावर बसलेल्या, पुढ्यात चुश्कोपेक. हे यंत्र मी पहिल्यांदा बघितलं. कळशीएवढा उभा नळकांडा, आत लाल झालेली तार. एक लांबोडी लाल मिरची देठाला धरून आत सोडायची, झाकण ठेवायचं, मिनिटभराने काढायची, साल काळी होऊन सुटलेली. ती पातेल्यात टाकून वर झाकण. मग पुढची. पंचवीस किलोचं पोतं शेजारी आणि यंत्रात एका वेळी एक मिरची. आजींच्या बोटांची टोकं काळी झाली होती. लेकीने विचारलं, एवढं कोणासाठी? आजींनी बाटल्यांकडे बोट दाखवलं. मुलगा इटलीत, त्याला पाठवायच्या. तिथे मिरच्या मिळत नाहीत का, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मग आमच्या घरून मुंबईला जाणाऱ्या कोकमांच्या आणि कुळथाच्या पिशव्या आठवल्या आणि गप्प बसलो.

शेजारी चितालिश्ते. गावाचं वाचनालय, नाटकाचा रंगमंच, नाचगाण्याचा वर्ग, सगळं एका इमारतीत. बल्गेरियात ही चाल 1856पासून, ऑटोमन राज्य असतानाच्या काळापासूनची. कुलूप होतं, पण काचेतून पुस्तकांची कपाटं दिसली आणि सूचनाफलक. फलकावर एक कार्यक्रमाची जाहिरात, सहा नेक्रोलोग.

आजी म्हणाल्या, "तुमच्या गावात किती माणसं?" लेकीने माझ्याकडे बघितलं. मी झटकन आकडा सांगितला, तो पाठच होता. सांगून झाल्यावर लक्षात आलं, तो 2011चा. आमच्याकडे पुढची गणना 2021ला व्हायची ती तेव्हाही झालेली नव्हती. ही आजी तीन वर्षांपूर्वी मोजलेली, आणि मी तिच्यापुढे तेरा वर्षांपूर्वीचा आकडा ठेवून बसलो. लेकीला म्हटलं, सांग त्यांना, साधारण.

आजींनी चार मिरच्या सोलून, वर लसूण आणि सूर्यफुलाचं तेल घालून, पावाबरोबर दिल्या. इतकं चांगलं मी त्या देशात दुसरं काही खाल्लं नाही.

कुलाला रोमन किल्ल्याचा एक बुरुज गावाच्या मध्यात उभा आहे, कास्त्रा मार्तिसचा. दुसऱ्या बहिणीची वाटणी हीच. तिथून व्रश्का चुकाची खिंड पार केली की सर्बिया. अंधार पडला होता, बुरुजाला हात लावला आणि परत निघालो.

चौथा दिवस

सामान घेऊन दक्षिणेला. ग्रामादा, म्हणजे ढीग, दगडांचा. माक्रेश, मुख्यालय असूनही गावच. अकरांपैकी पाच ओब्श्तिनांचं मुख्यालय शहर नाहीच. दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं. लेक म्हणाली, "तुम्ही देव बघितल्यासारखे ओब्श्तिना बघताय, पाया पडलं की पुढचा."

राबिशाजवळची मागुरा गुहा मात्र अडीच किलोमीटर लांब, आत बारा अंश थंडी, स्वेटर विसरायचं नाही. भिंतींवर वटवाघळांच्या विष्ठेने काढलेली चित्रं. नाचणाऱ्या बाया, शिकारी, सूर्य, तिथी मोजल्यासारख्या ओळी. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने इथे बसून माणसं काढली आणि ती शेकड्यांनी आहेत. आजूबाजूच्या गावांत मिळून एवढी भेटली नव्हती. गुहेच्या एका फाट्यात वाइन मुरवायला ठेवतात. लेकीने चाखली, मी वास घेतला.

रात्री बेलोग्राद्चिक.

पाचवा दिवस

बेलोग्राद्चिकच्या लाल खडकांबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात, मी लिहीत नाही. फोटो बघा आणि मग प्रत्यक्ष बघा, फोटो खोटे वाटतील. सुळके शंभर-दोनशे मीटर उंच, प्रत्येकाला नाव. घोडेस्वार, शाळकरी मुलगी, मादोना, अस्वल, दरवेशी. त्यांच्यातच तट घालून कालेतो किल्ला बांधलाय, निम्मी भिंत माणसाची, निम्मी डोंगराची. सकाळच्या उन्हात सर्वात वरच्या टप्प्यावर बसलो. इथे पर्यटक होते, दोन बसभर. गावात खाणावळी उघड्या, पोरं सायकलवर. लोकसंख्या टिकवायची तर काय लागतं याचं उत्तर इथे आहे, पण दोनशे मीटरचे खडक प्रत्येक तालुक्याला कुठून आणणार.

दुपारी चुप्रेनेला जाऊन आलो. डोंगराच्या पायथ्याचं गाव, मागे जंगलाचं राखीव क्षेत्र आणि त्याच्याही मागे मिजुर शिखर, 2,168 मीटर, ज्याच्या माथ्यावरून सर्बियाची हद्द जाते. झऱ्याला बांधलेल्या दगडी चेश्म्याचं पाणी प्यालो. कुणी भेटलं नाही. एक कुत्रं टॅक्सीपर्यंत सोडायला आलं.

ओरेशेत्स स्टेशन दिमोवो ओब्श्तिनात, म्हणजे दहावी खूण तिथेच फलाटावर उभं राहून पुरी झाली. वेटिंग रूमच्या काचेवर दोन नेक्रोलोग, एकाच आडनावाचे, तीन महिन्यांच्या अंतराने. गाडी वेळेवर आली.

उरली रुझिन्त्सी. ड्रेनोवेत्सला गाडी थांबते तेवढ्यात दारातून एक पाय खाली ठेवायचा, असं ठरलं. लेक खिडकीशी, मी डायरी उघडून. रिकामं पान होतं म्हणून सहज आमच्या वाडीतली घरं लिहायला घेतली, वरच्या अंगाने. लेकीने डोकावून बघितलं.

"हे काय?"

"बघतो, किती उघडी आहेत आता. आजींना नीट सांगता आलं नाही."

"वरचं घर बंद. ते ठाण्याला गेले."

"गणपतीला येतात की."

"बाबा, तुमच्याच नियमाने चालत नाही ते. राहतात का?"

खोडलं. विहिरीकडचं घर, उघडं. त्याच्या खालचं, मी दोन लिहिलं.

"एक," लेक म्हणाली. "काकू गेल्या ना मे महिन्यात. आई फोनवर म्हणाली होती, तुम्ही तेव्हा बाजारात होतात."

मी पेन थांबवून तिच्याकडे बघितलं. मग दोनाचं एक केलं. सत्तावीस घरं झाली, त्यात उघडी अकरा, पैकी चारांत एकेकटं माणूस. बेरीज दोनदा केली. मान वर केली तर बाहेर पूर्ण काळोख आणि गाडी जोरात धावत होती.

"ड्रेनोवेत्स कुठे गेलं?"

लेकीने मोबाइल बघितला. "वीस मिनिटं झाली."

रुझिन्त्सीपुढे अर्धीच खूण आहे अजून.